फॉरमॅट मारू दिला नाही

अहो, सगळ्यात आधी एक सांगून टाकते, म्हणजे तुमचा जीव भांड्यात पडेल. तुमचा कॉम्प्युटर मी कोणाला पुसू दिलेला नाही. जीव हा शब्द तुमच्या बाबतीत आता वापरू नये म्हणतील लोक. म्हणोत. लोकांचं ऐकायचं मी बंद केलंय.

परवा तेरावं झालं. त्या दिवसांत इतक्या जणांनी इतकं काही सांगितलं की कान किटले माझे. कोणी म्हणालं, सुटले हो, हाल नाही झाले. मी विचारलं, सुटले म्हणजे? कुठे अडकलेले? सकाळचा चहा घेतलेला, पेपरातलं कोडं अर्धं सोडवलेलं, संध्याकाळी आकाशकंदिलाची वायर जोडायची म्हणून स्टूल काढून ठेवलेलं. असा माणूस सुटला म्हणतात का? तुमची मावसबहीण म्हणाली, वहिनी, आता देवाधर्मात मन रमवा. मी म्हटलं, रमवीन हो, आधी डिस्क वाचली पाहिजे. माझ्या डोक्यावर परिणाम झाला असं तिला वाटलं असावं. जाताना आपल्या मिलिंदला बाजूला घेऊन कुजबुजत होती.

तुमचे शर्ट दिले. चपला दिल्या. पुतणीच्या लग्नात शिवलेला कोटसुद्धा दिला, जो तुम्ही एकदाच घातलात आणि त्याही वेळी गळ्याशी टोचतो म्हणून कुरकुरलात. देताना मी रडले नाही. वस्तू वापरात राहावी हे तुमचंच म्हणणं. पण त्या मशीनमध्ये जे आहे ते कोणाच्या अंगाला येणारं नव्हतं. ते पुसलं की संपलं असतं.

झालं असं की तुम्ही गेल्यावर आठवडाभरात मिलिंद विम्याचं काही सापडतंय का ते बघायला मशीन लावून बसला, आणि नेमके दिवे गेले. आपल्या डोंबिवलीचे दिवे, तुम्हाला काय सांगायचं. गेले, आले, परत गेले, पंखा नुसता गिरक्या घ्यायचं ठरवतोय तोवर पुन्हा गेले. शेवटी आले तेव्हा मशीन चालू केलं, तर काळा पडदा आणि वरच्या कोपऱ्यात एक पांढरी ओळ. सिस्टीम सापडत नाही, दुसरी डिस्क घाला, असं काहीतरी. मिलिंदने बंद-चालू करून बघितलं, पेटीवर दोन थापा मारल्या. त्या थापा मात्र अगदी तुमच्यासारख्या.

"गेली, आई," तो म्हणाला. "विंडोज उडाली. फॉरमॅट मारतो आणि नवीन टाकतो. एकदम स्वच्छ होईल मशीन."

"आणि बाबांचं आतलं?"

"ते जाणार."

असं म्हणाला, जसा काही शाळेतला फळा पुसायचाय. मी उठले, भिंतीतली पिन उपटली आणि ती हातात घेऊन बसले. "आई, काय चाललंय तुझं?" मी म्हटलं, "जेवायला चल." पिन हातात घेऊनच मी ताटं वाढली.

पोराला दोष देऊ नका. म्हणजे थोडा द्या, पण थोडा स्वतःलाही घ्या. वागळे इस्टेटमधल्या तुमच्या कंपनीला टाळं लागलं तेव्हा तो दहावीत होता. सकाळी तुम्ही गेलात तर गेट बंद, आणि आत तुमचा ड्रॉइंग बोर्ड, तुमचे पेन, तुमचं डबा ठेवायचं कपाट. त्यानंतर रोज गेटवर जायचात, आधी आशेने, मग नुसत्या सवयीने. मी कल्याणला पतपेढीत टायपिंग करत होते म्हणून घरात चूल पेटत राहिली. भिवंडीची एक नोकरी चालून आलेली, ती तुम्ही घेतली नाहीत, का तर तिथे दुसऱ्यांची ड्रॉइंगं चोरून छापायला सांगतात. बाणेदारपणा कसला तो! मला तेव्हाही पटला होता आणि तेव्हाही तुमचा गळा दाबावासा वाटला होता. मिलिंदला एवढंच आठवतं की त्याचे बाबा खिडकीशी बसून असायचे आणि काही विचारलं तर दचकायचे.

पुढे तुम्ही शिकवण्या केल्यात, बिल्डरांचे नकाशे काढून दिलेत, आणि एक दिवस कोणाकडून तरी तो जुना कॉम्प्युटर उचलून आणलात. मला वाटलं, चला, आता नकाशे यावर काढतील. तुम्ही माणसं लिहायला बसलात.

एका माणसाची एक फाईल. कंपनीत जो जो होता तो प्रत्येक. नाव आठ अक्षरांत कोंबायचं, कारण तुमचा तो जुना एडिटर त्याहून लांब नाव घ्यायचा नाही. मराठी फॉन्ट नव्हता, म्हणून मराठी लिहायचं ते इंग्रजी अक्षरांत. आणि लिहायचं काय, तर कोण कसं काम करायचा. पगार नाही, पत्ता नाही, नुसता हात कसा चालायचा ते. शहाडहून येणारे फिटर कांबळे कानस मारताना श्वास कधी सोडायचे. पेंटर सय्यदभाई ब्रशच्या मुठीला सुतळी का गुंडाळायचे. मी भाजी निवडता निवडता तुमच्या खांद्यावरून दोन ओळी वाचायचे आणि माझं डोकं फिरायचं.

"मेलेल्या कंपनीचं श्राद्ध किती वर्षं घालणार आहात?" मी विचारायचे.

"कंपनी मेली असेल. माणसं कुठे मेलीत?"

"अहो, निम्मी गेली."

"मग लवकर लिहायला हवं," असं म्हणून तुमची परत टकटक सुरू.

या भांडणात मी हरले असं समजू नका हं. तुम्ही गेलात म्हणून तुमचं खरं, असं काही नाही. माझं म्हणणं अजून तेच आहे. सय्यदभाईंच्या सुतळीवर पानभर लिहिलंत, आणि पोटचा पोरगा पुण्याला नोकरीला निघाला तेव्हा त्याला स्टेशनावर काय म्हणालात? "पाण्याची बाटली घेतलीस ना?" बस्स. त्याने ते अजून मनात ठेवलंय. मशीनवरून माझ्याशी भांडताना त्याने तेच काढलं.

"त्या कंपनीने बाबांना खाल्लं, आई. आपलं घर खाल्लं. मशीन आपणहून बंद पडलंय तर जाऊ दे ना एकदाचं. तसंही दोन हजार साल उजाडलं की ही जुनी खटारी बंदच पडणार आहेत, सगळे म्हणतायत."

"तेव्हाचं तेव्हा बघू," मी म्हटलं.

पण तुमच्याशी खोटं कशाला बोलू? मी दमले होते. घरात माणसांची ये-जा, त्यांचे चहा, त्यांचे उसासे, आणि तुमच्या बाजूची गादी रिकामी. अजून एखादा दिवस मिलिंदने टुमणं लावलं असतं तर कदाचित म्हटलंही असतं, मार बाबा तुझा फॉरमॅट, मिटव एकदाचं. पण कोपरीची पुष्पा आली.

तुमच्या लेथवरच्या हरिश्चंद्र टर्नरची बायको. मी तिला याआधी एकदाच पाहिलेली, हरिश्चंद्र गेला तेव्हा. सकाळचा मासळीबाजार उरकून तशीच आलेली, पाटी खाली जिन्यात ठेवून. सुतकाचं घर म्हणून हातपाय धुऊन दारातच बसली. बाकीच्यांसारखं सुटले-बिटले काही म्हणाली नाही. पदराला हात पुसले आणि म्हणाली, "वहिनी, भाऊंनी आमच्या मानसाचं लिवलंय म्हने. दिवाली झाली की घरी येऊन वाचून दाखवतो बोलले होते. मना लिवता-वाचता येत नाय. तुमी वाचाल?"

माझ्या डोळ्यांसमोर तो काळा पडदा.

"इतकी वर्सं डबा बांधून दिला," ती म्हणाली. "गेटच्या आतमंदी तो काय करायचा, कसा करायचा, मी कदी बघितलाच नाय. आमाला कोन आत घेनार? आनि आता सांगनारा पन गेला."

बघा, म्हणजे तुमच्याआधी तिचा माणूस गेला, आणि तुमच्याबरोबर तो परत एकदा जाणार होता. मी म्हटलं, "वाचीन पुष्पाबाई. मशीन जरा बिघडलंय. नीट झालं की निरोप धाडते." तिने मान हलवली. मशीन म्हटल्यावर तिला बिचारीला वाटलं, बिघडतंच की. ती जिना उतरली आणि मी मिलिंदकडे वळून म्हटलं, "आता तर बिलकुल नाही."

त्याने हात जोडले. "आई, अगं एका बाईसाठी..."

"एक बाई म्हणजे काय कमी झाली? मी पण एकच बाई आहे."

दुसऱ्या दिवशी दुपारची जेवणं झाल्यावर मी पदर खोचला आणि तुमच्या खुर्चीवर बसले. मिलिंदला येत नव्हतं असं नाही, तो पुण्यात दिवसभर हेच करतो. त्याला करायचं नव्हतं. आणि न करणाऱ्या माणसाच्या हाती तुमच्या फायली द्यायची माझी तयारी नव्हती. तो कॉटवर हाताची घडी घालून बसला, लहानपणी गणित चुकलं की बसायचा तसाच.

गेल्या पावसाळ्यात हेच दुखणं झालेलं, आठवतंय? तेव्हा तुम्ही मला बळंच समोर बसवलंत. "अगं, सिस्टीम वेगळी आणि फायली वेगळ्या. शेगडी बिघडली म्हणून कोणी डब्यातलं धान्य ओतून देतं का?" मला समजेल असं सांगतोय या थाटात सांगितलंत. मला इतका राग आलेला! आयुष्यभर टाइपरायटरच्या रिबिनी बदलल्या, अडकलेले खिळे सोडवले, आणि मला म्हणे शेगडीचा दाखला. पण तुम्ही ते माझ्याकडून घोकून घेतलंत. फ्लॉपीवरून मशीन उठवायचं. आत जाऊन फायली जागेवर आहेत का बघायचं. आधी प्रत, मग दुरुस्ती. प्रत काढल्याशिवाय दुरुस्तीला हात लावायचा नाही, मग कोणी कितीही घाई करो.

आणि हे शिकवणाऱ्या माणसाकडे प्रत नव्हती! पावसाळ्यात तुमच्या फ्लॉप्यांना बुरशी आली, त्या तुम्ही टाकून दिल्यात, आणि मी विचारलं तर "दिवाळीच्या सुट्टीत नव्या काढतो." कसली सुट्टी हो? घरात सुट्टी होती कोणाला? हे मी तुम्हाला माफ केलेलं नाही. दिवाळी तुमच्याशिवाय आली, कंदील न लागता गेली, आणि प्रत काढायची राहिली ती राहिलीच.

मशीन उठवायची ती एकच फ्लॉपी तुम्ही बिस्किटांच्या डब्यात कापराच्या वड्यांबरोबर जपलेली. वर तुमच्या त्या ड्राफ्ट्समनी अक्षरात लिहिलेलं, "सांभाळा". कोणाला सांगत होतात? घरात आपण दोघंच तर होतो.

घातली. मशीन चालू केलं. घर्र झालं, मग खर्र खर्र, जात्यात खडा आल्यासारखं, आणि परत तीच ओळ. पुन्हा घातली. पुन्हा खर्र.

"बघ," मिलिंद कॉटवरून म्हणाला. "ड्राइव्हपण गेला. आता तरी ऐक."

"उघड," मी म्हटलं.

"काय उघड?"

"पेटी उघड. तुझे बाबा असते तर पहिल्यांदा उघडून बघितलं असतं. गेलं गेलं काय करतोस सारखं? या घरात जे गेलंय ते मला माहीत आहे. बाकीचं गेलंय की नाही ते बघितल्याशिवाय मी मानणार नाही."

मी ओरडले असेन. शेजारच्या कुलकर्णीबाईंनी खिडकी लावून घेतली. मिलिंद उठला, तुमचा स्क्रू ड्रायव्हर काढला, पेटी उघडली, फ्लॉपीचा तो चपटा ड्राइव्ह सोडवून बाहेर घेतला आणि उजेडाकडे धरून तिरका केला. आतून काहीतरी खडखडलं. त्याने तळहात खाली धरला, आणि हातावर तांदूळ पडले. लाल. कुंकवात भिजवलेले. पाठोपाठ झेंडूची एक वाळकी पाकळी.

अक्षता हो तुमच्या. खंडेनवमीच्या.

कंपनीत असताना खंडेनवमी म्हणजे तुमचा सण. लेथांना हार, ड्रिलिंग मशीनला हार, तुमच्या ड्रॉइंग बोर्डावर झेंडू, आणि घरी येताना पेढ्यांचा पुडा. देव तुम्ही मानायचा नाहीत, गणपतीतसुद्धा आरतीला मागे उभे राहून टाळ्या चुकवायचात, पण हत्याराला मानायचात. टाळं लागल्यावर कितीतरी वर्षं त्या दिवशी घरात तुमची नुसती येरझार असायची. पुजणार काय? विळी आणि पाना? मग हा कॉम्प्युटर आला आणि तुम्हाला पुन्हा हत्यार मिळालं. या वर्षीही आंघोळ करून, धोतर नेसून, पेटीला बोटभर कुंकू लावलंत, हार घातलात आणि डोळे मिटून मूठभर अक्षता टाकल्यात. फ्लॉपीच्या फटीवरची पट्टी कधीचीच मोडलेली. फट उघडी, डोळे मिटलेले, आणि हात सढळ. त्यानंतर तो ड्राइव्ह कोणी वापरलाच नाही. वापरणारा होतात तुम्ही, आणि तुम्ही दिवाळीची वाट बघत बसलात.

मिलिंद हसायला लागला. "बाबांनी ड्राइव्हला जेवायला घातलं," म्हणाला. मग त्याला हसू आवरेना. मीही हसले. हसता हसता त्याचे खांदे हलायला लागले आणि मला कळलं की आता तो हसत नाहीये. तुम्हाला अग्नी दिला तेव्हा हा मुलगा रडला नव्हता. सगळ्यांना गाड्यांच्या वेळा सांगत होता, भटजींना काय हवं नको ते बघत होता. आता तुमच्या खुर्चीशेजारी फरशीवर बसून, मूठ घट्ट मिटून रडला. मी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. खरं सांगायचं तर तुम्ही गेल्यापासून मला पहिल्यांदा बरं वाटलं.

"या कुठे टाकू?" शेवटी त्याने विचारलं.

"तुळशीत."

परत आला तो बाह्या सरसावूनच. रंगाच्या ब्रशने ड्राइव्ह झाडला, फुंकला, जागेवर बसवला. मी फ्लॉपी घातली. या वेळी आवाज वेगळा. तुम्हाला पाठ असलेला तो टक, टक, टक. आणि पडद्यावर ए, त्यापुढे दोन टिंबं, आणि उघडझाप करणारी ती रेघ.

मी सी लिहिलं, आत गेले. तुमच्या फोल्डरचं नाव वागळे. डी आय आर लिहिलं, म्हणजे आतल्या फायलींची यादी दाखव, आणि एंटरवर बोट ठेवलं. नसतीलच तर? मग पुष्पाला काय सांगू? दाबलं. आणि नावं आली. खालून वर, भराभर, शिफ्ट सुटल्यावर गेटातून माणसं बाहेर पडतात तशी. आखूड केलेली, तोडकीमोडकी, इंग्रजी अक्षरांतली नावं. कांबळे होते. सय्यदभाई होते. हरिश्चंद्र होता. सगळे होते. मी मोठ्याने "आहेत!" असं ओरडले, आणि कुलकर्णीबाईंनी खिडकी परत उघडली.

आधी प्रत. मिलिंद कोपऱ्यावरून नव्या फ्लॉप्या घेऊन आला आणि मी न सांगता त्याने दोन-दोन प्रती काढल्या. मग दुरुस्ती. एस वाय एस, एक जागा सोडून सी, दोन टिंबं. बारीकशी घरघर झाली आणि पडद्यावर उमटलं की सिस्टीम बसली. फ्लॉपी काढून मशीन पुन्हा चालू केलं, तर ते तुमचं निळं आकाश आणि ढग दिसायला लागले, जसं काही झालंच नव्हतं. फॉरमॅट म्हणे! एवढंसं तर काम होतं. आत कोण आहे ते बघायचं, त्यांना आधी सुरक्षित जागी न्यायचं, आणि मग मोडलेलं तेवढंच नीट करायचं. तुमच्या कंपनीत कोणाला एवढंही सुचलं नाही. सगळ्यांना बाहेर काढून त्यांनी गेटला टाळं ठोकलं, आणि आता तिथे काचेची इमारत उभी राहतेय. मिलिंद बसमधून बघून आला.

एक प्रत तो पुण्याला घेऊन गेलाय. "मी वाचणार नाही हं, आई," असं निघताना म्हणाला. नको वाचू, म्हटलं, कोरड्या जागी ठेव म्हणजे झालं. तुमच्यातलं आणि त्याच्यातलं मिटलं असं मी म्हणणार नाही. ते मिटायला तुम्ही दोघं लागता.

पुष्पाला निरोप धाडला. आली. या वेळी कामाचा काष्टा नाही, सुटी गोल साडी नेसून, डोक्यात अबोलीचा गजरा, कोणाच्या तरी कार्याला आल्यासारखी. मी तिला तुमच्या खुर्चीशेजारी बसवलं आणि फाईल उघडली. तुमची ती इंग्रजीतली मराठी वाचायची म्हणजे दात पडायची वेळ, पण वाचली.

हरिश्चंद्र लेथवर जॉब, म्हणजे कापायचा लोखंडी तुकडा, लावला की आधी बोटाच्या पेराने त्याला टिचकी मारायचा आणि कान जवळ न्यायचा. मोजमाप नंतर. टिचकीत त्याला कळायचं की जॉब मध्यावर बसलाय की नाही. चहा डाव्या हातात, उजवा हात चाकावर. नव्या पोराने जॉब वाया घालवला तर तो स्वतःच्या नावावर घ्यायचा. लेथ पुसल्याशिवाय कधी घरी गेला नाही. आवाज कधी चढवला नाही. अत्यंत शांत माणूस.

"ती टिचकी परत वाचा," पुष्पा म्हणाली. मी वाचली. तिने स्वतःच्या बोटाने टेबलावर एक टिचकी मारून बघितली. "घरी पन मारायचा. माठाला, नारलाला, पोरांच्या डोक्याला. मना वाटायचं, खोडच हाय." तिचे डोळे भरून आले. माझेही. मला वाटलं, झालं, आता ही पदराला डोळे पुसेल, उठेल, आणि तुमचं काम पुरं झालं.

ती उठली नाही. "पन ते शेवटचं खोटं हाय," म्हणाली.

"कुठलं?"

"शांत मानूस. कदी शांत होता तो? कंपनीत असेल. घरी येऊन ताटं फेकायचा. कालवनात मीठ कमी, फेकलं ताट. कंपनी बंद पडल्यावर नाय, त्याच्या आदीपासनं. माझ्यावर हात पन उचललाय. ते पन लिवा."

मी कीबोर्डवरचा हात काढला. "पुष्पाबाई, अहो, गेलेला माणूस..."

"गेलेला तुमच्यासाटी. निस्ता चांगला लिवला तर तो माझा मानूस नाय, वहिनी. दुसराच कोन तरी हाय. मी त्याला वलखत नाय."

तुम्ही काय म्हणाला असता ते मला ठाऊक आहे. "अगं, ही कामाची नोंद आहे, घरातलं कशाला मध्ये?" तेच तर, अहो! घरातलं तुम्ही कधी घेतलंच नाहीत. गेटच्या आत माणूस कसा होता ते तुम्ही बघितलंत, आणि गेटच्या बाहेर कसा होता ते आम्ही भोगलं. तुमची फाईल अर्धीच होती. म्हणून मी तुम्हाला न विचारता ती बदलली. रागवा हवं तर. पुष्पा सांगत गेली आणि मी टाइप करत गेले, तुमच्याच इंग्रजी अक्षरांत. ताटं लिहिली. उचललेला हात लिहिला. होळीच्या दिवशी होडी रंगवताना तो गायचा ते लिहिलं. धाकटी पोर तापाने फणफणली तेव्हा रात्रपाळी टाकून घरी आला आणि तिला खांद्यावर घेऊन रात्रभर डॉक्टर शोधत फिरला, तेही लिहिलं. तुमचं "अत्यंत शांत माणूस" खोडलं नाही. त्याच्यापुढे लिहिलं, कंपनीत.

मग सगळं पहिल्यापासून परत वाचलं. पुष्पा डोळे मिटून ऐकत होती. टिचकी आली, चहा आला, ताटं आली, हात आला, होडी आली. वाचून झालं तरी तिने डोळे उघडले नाहीत.

"हां," ती म्हणाली. "आता आला."

मी फाईल सेव्ह केली, आणि त्या क्षणापासून तुमच्याशी बोलतेय. तुम्हालाही यायचं असेल तर असेच या, सगळेच्या सगळे. नुसते चांगले होऊन आलात तर मी ओळख देणार नाही.